शंभर वर्षांपूर्वीची घरखर्चाची वही



वीस तारीख उलटली, डाळ-तांदळाचे डबे तळाला गेले की घरात एक प्रश्न हमखास येतो, "एवढे पैसे जातात तरी कुठे?" आणि तो विचारला जातो घरातल्या बाईला. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न खुद्द सरकारने मुंबईच्या चाळींमध्ये जाऊन विचारला होता. त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मुंबईत महागाई वाढत गेली. १९२० पर्यंत राहणीचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. १९१९ आणि १९२० साली गिरण्यांत मोठे संप झाले. मालक म्हणत, पगार वाढवलाय. कामगार म्हणत, पुरत नाही. खरं कोणाचं, हे ठरवायला स्वयंपाकघरात काय शिजतं आणि त्याला किती पैसे पडतात ते कळायला हवं होतं. त्यासाठी १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय सुरू केलं. फिंडले शिरास हे त्याचे प्रमुख. १९२१-२२ मध्ये या कार्यालयाने २,४७३ कामगार कुटुंबांचा जमाखर्च गोळा केला आणि १९२३ मध्ये अहवाल छापला.

चारेक माणसांचं कुटुंब, महिन्याची सरासरी मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले ५६.८ रुपये जेवणावर, ७.४ सरपण आणि दिव्यावर, ९.६ कपड्यांवर, ७.७ खोलीच्या भाड्यावर. उरलेल्या साडेअठरा रुपयांत बाकीचा सगळा संसार. खोली बहुतेक सगळ्यांची एकच.

निम्म्याहून जास्त पैसा पोटात जात होता, तरी पोट भरत होतं का? अहवालाने या कुटुंबांच्या धान्याची तुलना सरकारी शिध्याशी केली. दुष्काळी कामावरच्या मजुराला नियमाने जास्तीत जास्त जेवढं धान्य मिळे, तेवढं यांच्या वाट्याला येत होतं. तुरुंगातल्या कैद्याला मात्र त्याहून जास्त मिळत होतं!

दुसरी गोष्ट कर्जाची. शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि ते कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं होतं. व्याज रुपयाला महिना एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाला शेकडा ७५!

हे कर्ज उधळपट्टीचं होतं असं आपण पटकन म्हणून मोकळ्या होऊ. पण गिरणीचा पगार महिना संपताच होत नसे. तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला हातात पडे. नव्याने कामाला लागलेल्या माणसाच्या घरी पहिला पगार येईपर्यंत दीड महिना जाई. तोवर चूल पेटायची ती वाण्याच्या उधारीवर. आणि जिची उधारी थकलेली, ती बाई भाव कसा करणार? शेजारच्या दुकानात कशी जाणार?

आपल्याकडे उन्हाळ्यात गहू, तांदूळ, डाळी वर्षभराच्या भरतात. ऊन दाखवायचं, निवडायचं, एरंडेल चोळायचं, चातुर्मासाआधी डबे भरून ठेवायचे. त्यात बचत होते हे खरंच. पण ही काटकसर करायलाही चैत्र-वैशाखात हातात एकरकमी पैसा लागतो. जिला शेरभर ज्वारीही उधारीवर आणावी लागे, तिला ती कुठून जमणार? तिचा हिशेब चुकत नव्हता, मुळात रक्कमच कमी होती. अहवालाच्या आकड्यांत हे लख्ख दिसतं.

हे आपण थोडं थांबून वाचायला हवं. आपला समाज व्यापाराचा. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या माहेरी किंवा सासरी किराण्याचं दुकान होतं, आजही आहे. उधारीची वही आपण गल्ल्याच्या बाजूने पाहिलेली असते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-जास्त मापाने देणंघेणं सांगितलं आहे, ते उगाच नव्हे. समोरचा माणूस अडलेला असतो तेव्हाच या व्रताची परीक्षा असते.

चाळींतल्या या हिशेबांचं पुढे काय झालं? कुठल्या वस्तूवर किती खर्च होतो हे कळल्यावर महागाई मोजणं सोपं झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता सुरू झाला आणि तो राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. आज आपल्या घरात कोणाला महागाई भत्ता मिळत असेल, तर त्याचं एक मूळ त्या एका खोलीतल्या चुलीपाशी आहे.

आता आपली वही उघडू या. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत शहरी घरांच्या खर्चातला अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. त्यात धान्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तयार पदार्थ नि पेयांवर साडेदहाच्या वर! म्हणून वहीत तीन रकाने करा: वर्षाचं भरलेलं, रोजचं दूध-भाजी, आणि बाहेरून आणलेलं. वर्षाच्या धान्याची रक्कम बारा महिन्यांत वाटून लिहा, नाहीतर एप्रिलचा आकडा उगाच घाबरवतो. तिसरा रकाना दर महिन्याला मोठ्याने वाचा, परिमाण कुठे घालायचं ते आपोआप कळेल.

आणि एक चौथी ओळ लिहा: आपल्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या ताईंचा पगार. त्यांच्याही घरी चार माणसं असतील, असं धरून त्यांच्या किराण्याचा हिशेब एकदा आपल्या वहीत मांडून पाहा. पगार किती द्यायचा हे त्यानंतर ठरवा, आणि तो महिना संपल्याबरोबर त्यांच्या हातात ठेवा. पंधरा तारखेपर्यंत थांबायला लावलं की माणूस उधारीत कसा अडकतो, ते आपण आत्ताच वाचलं.