ग्रामपंचायत विकास आराखडा

ग्रामपंचायत विकास आराखडा म्हणजे ग्रामस्थांनी ग्रामसभेच्या माध्यमातून आपल्या गरजा निश्चित करून, त्यांचा अग्रक्रम लावून आणि उपलब्ध निधीशी त्यांची सांगड घालून तयार केलेला गावाच्या विकासाचा आराखडा होय. महाराष्ट्रात ही प्रक्रिया २०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाच्या नावाने ओळखली जाते. शहरांच्या विकास आराखड्याहून तो वेगळा आहे. शहराचा आराखडा मुख्यतः जमिनीच्या वापराविषयी असून तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होतो. ग्रामपंचायतीचा आराखडा मुख्यतः कामे, सेवा आणि त्यांवरील खर्च यांच्याविषयी असतो.

घटनात्मक आधार

भारतीय राज्यघटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिच्यामुळे समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३छ मध्ये आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचे अधिकार पंचायतींना देण्याची तरतूद आहे. अकराव्या अनुसूचीत त्यासाठी २९ विषय दिलेले आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यातील ग्रामसूचीत पंचायतीच्या कार्यक्षेत्रातील विषय नमूद आहेत. घटनेनुसार गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते.

तरतूद असली तरी दीर्घकाळ बहुतेक गावांच्या हाती स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल असा निधी फारसा नव्हता. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. हा निधी खर्च करण्यासाठी आराखडा आवश्यक ठरला आणि गावपातळीवरील नियोजनाला प्रत्यक्ष रूप आले.

तयार करण्याची पद्धत

आराखड्याची सुरुवात वातावरणनिर्मिती व माहिती संकलनाने होते. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, बचत गटांच्या प्रतिनिधी आणि जाणकार ग्रामस्थ यांचा गट गावफेरी व शिवारफेरी काढतो. वाड्या-वस्त्या, पाण्याचे स्रोत, रस्ते, शाळा व दवाखाना यांची नोंद होते. अनेकदा ग्रामस्थ चौकात किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. कोणत्या वस्तीला काय मिळालेले नाही, हे त्यातून सर्वांना दिसते.

यानंतर महिला, बालके आणि वंचित घटक यांच्या स्वतंत्र सभा घेतल्या जातात. मुख्य सभेत ज्यांचा आवाज दबण्याची शक्यता असते, त्यांच्या मागण्या आधीच नोंदल्या जाव्यात हा यामागील हेतू असतो. मागण्या निधीपेक्षा नेहमीच अधिक असल्याने अग्रक्रम लावणे हा प्रक्रियेतील कळीचा टप्पा ठरतो. कामांची अंदाजपत्रके तयार करून त्यांची तालुका पातळीवर तांत्रिक छाननी होते आणि अंतिम मान्यता ग्रामसभा देते. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल त्या संख्येने होते.

'सबकी योजना, सबका विकास' ही देशव्यापी मोहीम २ ऑक्टोबर २०१८ पासून सुरू झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आराखडे प्रसिद्ध केले जातात. पुढे जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, आरोग्यदायी गाव अशा एकूण नऊ संकल्पनांशी हे नियोजन जोडण्यात आले.

निधी

आराखड्यात वित्त आयोगाचे अनुदान, ग्रामपंचायतीचे घरपट्टी-पाणीपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्न, रोजगार हमी योजनेचा निधी आणि लोकवर्गणी यांचा विचार केला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला. उरलेला ४० टक्के भाग स्थानिक गरजांसाठी वापरता येतो. परिणामी गावाच्या निवडीचा वाव काहीसा मर्यादित झाला.

उल्लेखनीय गावे

शासकीय उपक्रमाच्या पुष्कळ आधीपासून काही गावांनी स्वतःचे नियोजन केले होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामसभेच्या निर्णयांतून पाणलोट विकासाची कामे हाती घेण्यात आली. शेतीसाठी कूपनलिका न घेणे, उसासारखी अधिक पाणी लागणारी पिके टाळणे आणि दरवर्षी उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवणे, हे निर्णय गावाने स्वीकारले. पाण्याची वाटणी हाच तेथील नियोजनाचा पाया आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याची प्रथा आहे. निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

गिरणगाव आणि ग्राममंडळे

गावाच्या विकासाचे निर्णय केवळ गावातच होत असत असे नाही. लालबाग, परळ, शिवडी या मुंबईच्या गिरणगावातील कामगारांपैकी अनेक जण कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले होते. एका गावचे लोक सामाईक खोली घेऊन राहत आणि तिचे भाडे वाटून भरत. या खोल्यांतून गावोगावची ग्राममंडळे उभी राहिली. दरमहा वर्गणी काढून शाळेची इमारत, विहीर, रस्ता किंवा मंदिराचा जीर्णोद्धार अशी कामे मंडळे करीत. गणपती व शिमग्याला चाकरमानी गावी आले की हिशेब मांडला जाई आणि पुढील कामे ठरत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे स्वरूप पालटले, तरी ही परंपरा पूर्णपणे संपली नाही.

ग्रामसभेवर आधारित नियोजनात या मंडळांचे स्थान बदलले. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणच्या मतदारयाद्यांत असू शकत नसल्याने मुंबईत मतदार असलेल्या ग्रामस्थाला गावच्या ग्रामसभेत मताधिकार नाही. वर्गणी देणाऱ्याची पसंती आणि गावात राहणाऱ्याची गरज एकच असेलच असे नाही. मुंबईकरांना सभामंडप हवा असताना वाडीतील स्त्रियांची पहिली मागणी पाण्याची असू शकते. अशा वेळी कायदेशीर निर्णय ग्रामसभेचाच राहतो. मंडळाची वर्गणी मात्र लोकवर्गणी म्हणून आराखड्याला पूरक ठरू शकते.

इतर ठिकाणच्या पद्धती

केरळमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना-निधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आला. इंग्लंडमध्ये २०११ च्या स्थानिकता कायद्यान्वये गावांना किंवा वस्त्यांना स्वतःचा परिसर आराखडा करता येतो. तो जमिनीच्या वापराविषयी असून स्थानिक सार्वमतात बहुमत मिळाल्यावर लागू होतो. मुंबईच्या आराखड्यात नागरिकांचा सहभाग मुख्यतः हरकती व सूचनांपुरता असतो. शहराच्या विकास आराखड्याचा २०१५ चा मसुदा मोठ्या प्रमाणावरील हरकतींनंतर फेरतयारीसाठी परत पाठवण्यात आला होता.

मर्यादा

गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा, तांत्रिक मनुष्यबळाची कमतरता, निधी मिळण्यातील विलंब आणि मागील वर्षाच्या यादीची पुनरावृत्ती या अडचणी अनेक ठिकाणी आढळतात. रस्ते, गटारे, सभागृहे यांसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या बांधकामांकडे कल राहतो. कुपोषण, उपजीविका किंवा शाळेतील शिक्षणाचा दर्जा यांसारखे प्रश्न मागे पडतात. महिला सभेने सुचवलेली कामे अंतिम यादीत किती राहिली आणि मंजूर कामांपैकी किती पूर्ण झाली, हे ग्रामसभेत वाचून दाखवणे हा आराखडा लोकांचा आहे की कागदावरचा, हे ओळखण्याचा साधा मार्ग आहे.