हरिहरेश्वरचा हिवाळा : जलस्कूटर आणि प्रदक्षिणेची वाट

थंडीच्या दिवसांत गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात गेलेले मराठी पर्यटक बर्फावरच्या स्कूटरवर एखादी फेरी मारल्याशिवाय परतत नाहीत. कोकणात बर्फ नाही. तथापि, या स्कूटरचे सख्खे भावंड रायगडच्या किनाऱ्यावर दिसते, ते म्हणजे जलस्कूटर. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये 'स्की-डू' ही हलकी बर्फस्कूटर बाजारात आणली. त्यांच्याच कंपनीने १९६८ मध्ये 'सी-डू' ही जलस्कूटर काढली, काही वर्षांत ती मागे घेतली आणि १९८८ मध्ये नव्या रूपात पुन्हा आणली. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा 'जेट-स्की' हा शब्द मात्र कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारनाम आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाणारे क्षेत्र. दक्षिणेस सावित्री नदी समुद्रास मिळते आणि पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. पावसाळा सरल्यावर येथील समुद्र निवळतो, सकाळचा वारा मंद असतो. पाण्यावरील खेळ आणि डोंगराभोवतीची खडकातील प्रदक्षिणा या दोन्हींसाठी हा काळ उत्तम. मात्र दोन्हींचे वेळापत्रक समुद्राच्या हाती आहे, हे विसरल्यामुळे या किनाऱ्यावर अनेकांनी प्राण गमावले आहेत.

यंत्र कसे चालते

बर्फस्कूटरला पुढे घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असतो. जलस्कूटरला चाक नाही, पट्टा नाही आणि बाहेर पंखाही नाही. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतील पंखा ते वेगाने मागे फेकतो आणि त्या झोताने यंत्र पुढे जाते. झोताचे तोंड वळवले की यंत्र वळते. याचा एक अर्थ नवशिक्याने पक्का ध्यानात ठेवावा : घाबरून वेगाची कळ सोडली, तर झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवले तरी बहुतेक यंत्रे सरळच जातात. अनेक यंत्रांना ब्रेकही नसतो. म्हणून पोहणारे, होड्या व खडक यांपासून मुळातच दूर राहावे.

दोन्ही भावंडांचे एक दुखणे सारखे आहे. बर्फस्कूटरचे इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे थंड राहते, त्यामुळे कडक गोठलेल्या वाटेवर ते तापते. कित्येक जलस्कूटरांत समुद्राचेच पाणी इंजिनाभोवती फिरते. जाळीत वाळू, शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की पाणी कमी येते आणि इंजिन तापू लागते. गुडघाभर पाण्यात यंत्र सुरू केल्यास वाळू आत ओढली जाऊन पंखाही झिजतो. यासाठी निदान कमरेइतके पाणी असावे.

बंद पडल्यास काय पाहावे

१. इंजिन मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम मनगटाची सुरक्षादोरी पाहावी. ती खुंटीत नीट बसलेली नसल्यास इंजिन चालू होत नाही. त्यानंतर बॅटरीची टोके पाहावीत. खाऱ्या हवेने त्यांवर पांढरी बुरशी धरते.

२. इंजिन फिरते पण पेट घेत नसेल, तर पेट्रोल, ठिणगी आणि हवा या तिन्हींची क्रमाने तपासणी करावी. महिनोन्महिने टाकीत राहिलेले पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. सुरू करण्यापूर्वी आसन उचलून आत कोंडलेली वाफ जाऊ द्यावी आणि पेट्रोलचा वास येत असल्यास कळ दाबूच नये.

३. इंजिन जोरात फिरते पण यंत्र पुढे सरकत नसेल, तर जाळीत काहीतरी अडकलेले असते. इंजिन बंद करून, सुरक्षादोरी काढून मगच हात घालावा.

४. यंत्र उलटल्यास मागील बाजूस चिकटवलेल्या खुणेत दाखवलेल्या दिशेनेच सरळ करावे. उलट दिशेने फिरवल्यास पाणी इंजिनात शिरू शकते. पाणी शिरल्याची शंका असल्यास कळ दाबू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडे वाकतात. प्लग काढून, पाणी बाहेर टाकून मगच पुढचे पाऊल उचलावे.

समुद्राच्या पाण्याने थंड होणारे यंत्र परतल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवावे. धुताना आधी इंजिन सुरू करून मग नळ सोडावा आणि आधी नळ बंद करून मग इंजिन थांबवावे. क्रम चुकला तर धुण्याचेच पाणी इंजिनात जाते.

समुद्रात यंत्र बंद पडले, तर ते सोडून पोहत निघू नये. तरंगते यंत्र दुरून दिसते, माणसाचे डोके दिसत नाही. जीवरक्षक जाकीट घट्ट बांधलेले असावे. इंधनाचा एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक शिलकीत असावा. संकटात ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा.

प्रदक्षिणा आणि तिथीचे गणित

भाविक आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतात आणि नंतर प्रदक्षिणेस निघतात. डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि वाट लाटांनी कोरलेल्या खडकांवर येते. खडकात मुरलेल्या खाऱ्या पाण्यातील मिठाचे कण सुकताना फुगतात व दगड पोखरतात. मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी पाहण्याजोगी आहे. ही वाट केवळ ओहोटीस मोकळी असते.

ओहोटी ओळखण्यास कोकणातील जुने गणित आजही उपयोगी पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी येते. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास व ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. परंतु तेव्हा भांगाची भरती असल्याने पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येस उधाणामुळे पाणी खूप मागे जाते, पण ओहोटी पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास येते. हिवाळ्यात लवकर अंधारते आणि उधाणाचे पाणी चढतेही झपाट्याने. म्हणून द्वितीया ते चतुर्थी या तिथींची सकाळ सर्वांत सोयीची. साडेसात ते नऊच्या दरम्यान ओहोटी, पाणी पुरेसे मागे आणि पुढे सारा दिवस उजेड. हे गणित अंदाजाचे आहे. नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा स्थानिक ग्रामस्थांकडून निश्चित करावी.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे. शेवाळलेल्या काळ्या खडकावर पाय ठेवू नये, समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढू नयेत. शांत दिसणाऱ्या पाण्यातूनही अधूनमधून एखादी मोठी लाट येते. वाटेवर पाणी फुटताना दिसले, तर प्रदक्षिणा अर्धी सोडून मागे फिरावे. राहिलेली प्रदक्षिणा दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीस पुरी करता येते.