एक्लिप्स आणि भीमथडी

१ एप्रिल १७६४ रोजी युरोपातून सूर्यग्रहण दिसले. त्या सुमारास इंग्लंडात जन्मलेल्या एका तांबूस शिंगराला ‘एक्लिप्स’, म्हणजे ‘ग्रहण’, हे नाव मिळाले. मे १७६९ मध्ये, पाचव्या वर्षी, तो एप्सम येथे पहिली शर्यत धावला. त्या काळी चार-चार मैलांच्या फेऱ्या असत आणि घोड्याला त्या एकाच दिवशी पुन्हा पुन्हा धावाव्या लागत. एक्लिप्स एकूण १८ शर्यती धावला आणि अठराही जिंकला. त्याच्यासमोर घोडा उतरवायला कोणी तयार होईना, तेव्हा त्याला पैदाशीसाठी ठेवले गेले.

त्याच १७६९ साली पेशव्यांची फौज उत्तरेकडे निघाली. तिच्यात महादजी शिंदे होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याला शिंद्यांचे वाडे आपण पाहिले असतील. १७७१ मध्ये मराठे दिल्लीत पोचले. मराठ्यांच्या घोडदळाचा मोठा आधार म्हणजे भीमेकाठचा भीमथडी घोडा: अंगाने लहान, काटक, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारा. अरबी-तुर्की घोडे आणि स्थानिक तट्टे यांच्या संकरातून तो घडला, असे मानले जाते.

म्हणजे दोन्ही ठिकाणी माणूस निवड करीत होता. फरक पडला तो नोंदींमुळे. इंग्लंडात १७९१ मध्ये थरोब्रेड घोड्यांची वंशावळ छापली जाऊ लागली. एक्लिप्स १७८९ मध्ये मेला, तेव्हा सँबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे विच्छेदन करून मापे घेतली. त्याचा सांगाडा लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे जपलेला आहे. आजच्या बहुसंख्य थरोब्रेडांची पितृपरंपरा त्याच्यापर्यंत पोचते.

या जपणुकीचा उपयोग सव्वादोनशे वर्षांनी झाला. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकाचे दोन प्रकार घोड्यांत आढळतात. एक कमी पल्ल्याच्या वेगाला अनुकूल, तर दुसरा दमाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७६४ ते १९३० या काळात जन्मलेल्या नामांकित घोड्यांचे अवशेष तपासले गेले. त्यांत दमाचा प्रकारच वरचढ होता. शर्यती आखूड झाल्या, तसा वेगाचा प्रकार वाढत गेला. घोड्याला काय हवे होते, हे कोणी विचारले नाही. माणसाला जे हवे होते, ते जनुकांत उतरले.

भीमथडीचे काय झाले? १८१८ मध्ये पेशवाई संपली, घोडदळे मोडली आणि मागणी आटली. त्याला सांभाळले ते धनगरांनी. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहणारा म्हणून तो टिकला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या करनाल येथील संस्थेने २०२३-२४ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधीच्या पिढ्यांची छापील वंशावळ नाही. जे काही आहे, ते पाळणाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि स्मरण माणसाबरोबर जाते.

दिवाळीनंतर आपल्या गावाच्या शिवारात धनगरांचा तळ पडला, तर शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावे. मालकाच्या परवानगीने घोड्याची खांद्यापर्यंतची उंची मोजावी, रंग लिहावा, ‘ही कुणाची शिंगरी?’ असे विचारावे. दोन-तीन पिढ्यांची नावे सहज मिळतील. वहीत तारीख मात्र विसरू नये. वंशावळीची सुरुवात अशीच होते.