चकव्यातले शब्द

गेल्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमाराला मला चकवा लागला. घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या.

खेळ होता ‘युमे निक्की’. किकियामा या टोपणनावामागे राहिलेल्या कुणा एका जपानी माणसाने २००४ साली तो फुकट देऊन टाकला. मादोत्सुकी नावाची एक मुलगी. तिची छोटी खोली, टेबल, टीव्ही, पलंग, बाल्कनी. दाराकडे नेलं की ती मान हलवते, बाहेर जायला तयार नाही. मग उरतं काय, तर झोपणं. झोपली की स्वप्नात तीच खोली, पण आता दार उघडतं आणि पुढे बारा दारं. प्रत्येकामागे एक वेगळं जग. संवाद नाहीत, लढाई नाही, कुणी काही सांगत नाही. चालत राहायचं आणि कुठे कुठे दडलेल्या चोवीस चमत्कारिक गोष्टी गोळा करायच्या. एकीने सायकल मिळते, एकीने तुमच्या मुंडक्याचा दिवा होतो.

मी एका काळोख्या पटांगणात शिरलो होतो. उजवीकडे पाऊण तास चाललो असेन. तोच खांब, तीच आकृती, पुन्हा तोच खांब. नंतर कळलं की या जगांपैकी कितीतरी जगांची उजवी कड डावीला शिवलेली आहे, लुंगीसारखी. सरळ चालणारा माणूस गोलच फिरतो.

माझी आजी कोकणातली. ती सांगायची, चकवा मारत नाही, खात नाही, समोरही येत नाही. तो फक्त फिरवतो. माणूस रात्रभर पाय तोडतो आणि उजाडल्यावर बघतो तर त्याच आंब्याखाली. उपाय एकच, आहे तिथे खाली बसायचं, तंबाखू मळायची, पहाट होऊ द्यायची. जगातल्या भुतांमध्ये इतकं निरुपद्रवी आणि इतकं हैराण करणारं भूत दुसरं नसेल.

चकवा गोल फिरवतो, म्हणून हा शब्द चक्रावरून आला असं म्हणणारे भेटतात. ऐकायला छान आहे. मला मात्र त्याहून जवळची वाट दिसते. मराठीत ‘चकणे’ म्हणजे फसणे, गोंधळणे. दुसऱ्याला चकायला लावणे म्हणजे चकवणे, आणि चकवतो तो चकवा. चकण्याच्या मागे संस्कृतातला ‘चक्’ धातू आहे, थरथरण्याचा, दचकण्याचा. त्याच धातूचं ‘चकित’. आज आपण चकित होतो ते सोन्याचा भाव ऐकून किंवा दुकानाबाहेर ‘चकित करणारी सूट’ वाचून. संस्कृतातला चकित इतका निवांत नाही. मेघदूतातल्या यक्षपत्नीचे डोळे चकित हरिणीसारखे आहेत, तिथे त्या हरिणीला आश्चर्य वाटलेलं नसून ती बिचकलेली आहे. म्हणजे भ्यालेल्या माणसाचा शब्द हळूहळू नवल वाटलेल्या माणसाकडे गेला. आणि मधल्या वाटेवर, अर्धी भीती अर्धं नवल अशा जागी, चकवा बसून राहिला.

त्या रात्री मला नेमकं हेच झालं होतं. मी भ्यालो होतो का? हो. खेळ बंद करावासा वाटत होता का? मुळीच नाही.

हे कोडं ‘हॉरर’ या शब्दातच आहे. आपण तो इंग्रजीतून उचलला, इंग्रजीने लॅटिनमधून. लॅटिन ‘होर्रेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणे, मग त्यावरून थरथरणे, भिणे. भाषांचे गोत जुळवणारे या क्रियापदाचं मूळ संस्कृतातल्या ‘हृष्’शी जोडतात, तेही केस उभे राहण्याचंच. आणि हृष्पासून आपल्याकडे काय आलं? हर्ष! अंगावरचे केस उभे राहण्याची एकच घटना. रोमला गेली तिची भीती झाली, इकडे आली तिचा आनंद झाला. लग्नपत्रिकेतलं ‘कळविण्यास अत्यंत हर्ष होतो की’ हे वाक्य मी तेव्हापासून पूर्वीसारखं वाचू शकलेलो नाही.

संस्कृतानेही ती भीती पूर्ण पुसली नव्हती. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, तेव्हा त्याला रोमहर्षही होतो. त्यात हर्षाचा लवलेश नाही. गंमत म्हणजे त्याची कैफियत ऐकणाऱ्या सारथ्याचं एक नाव हृषीकेश. परंपरा त्याची फोड हृषीक अधिक ईश, म्हणजे इंद्रियांचा स्वामी, अशी करते. पण हृषी अधिक केश अशीही फोड सुचवली गेली आहे, तेव्हा अर्थ होतो केस उभे असलेला. वर्गातल्या ज्या हृषीकेशचे केस कितीही तेल लावलं तरी बसत नसत, त्याच्या आईवडिलांनी नकळत शास्त्रशुद्ध नाव ठेवलं होतं.

भरतमुनी याबाबत स्वच्छ आहेत. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत त्यांनी रोमांच ठेवला आणि तो कशाने येतो याची यादी दिली: स्पर्श, भय, थंडी, हर्ष, राग, रोग. भय आणि हर्ष एकाच पंगतीला. कातडीला कारण कळत नाही, ती आपलं काम करते. कारण ठरवतो तो प्रेक्षक. आज रोमांच शब्दाचं आपण काय केलंय ते पाहा. क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकात गेला की रोमांचक, आणि रोमान्सशी नाद जुळतो म्हणून चित्रपटाच्या जाहिरातीत दोघांची गाठही मारतात. रोमान्सचा संबंध रोम शहराशी, रोमांचाचा अंगावरच्या लवेशी. भीती त्यातून जवळजवळ गळालीच. ती ‘काट्या’ने सांभाळली आहे. ‘अंगावर काटा आला’ म्हणताना आपण बोलीत बोलतोय असं वाटतं, पण संस्कृत कवीही पुलकित देहाला ‘कंटकित’ म्हणत. आणि काटा आजही दोन्ही कामं करतो: भुताची गोष्ट ऐकूनही येतो, किशोरी आमोणकरांचा एखादा स्वर लागला तरी येतो.

हॉररच्या शेजारी ‘युमे निक्की’सारख्या खेळांना आणखी एक बिरुद लावतात, सर्रिअल. हा शब्द फ्रान्समध्ये १९१७ साली अपोलिनेर या कवीने घडवला, १९२४ मध्ये आंद्रे ब्रेतोंने त्याचा जाहीरनामा काढला. मराठी समीक्षकांनी त्याचं ‘अतिवास्तव’ केलं. फ्रेंच ‘स्युर’ म्हणजे वरचा, पलीकडचा, म्हणून ‘अति’. शब्द चुकीचा नाही, पण मला तो कधी गोड लागला नाही. आपल्या कानात ‘अति’ म्हटलं की पुढे ‘तिथे माती’ उमटतंच. अतिवास्तव ऐकून वाटतं, वास्तवच जरा जास्त झालंय, महिनाअखेरीला होतं तसं.

‘अद्भुत’ असताना दुसरीकडे जायचंच कशाला? यास्काने निरुक्तात अद्भुताचा अर्थ लावला तो असा: जणू झालंच नव्हतं असं. त्याची व्युत्पत्ती आजचे अभ्यासक डोळे झाकून घेणार नाहीत, व्युत्पत्तीत यास्काचा हात सैलच होता. पण अर्थ म्हणून तो मला सोडवत नाही, कारण त्याच्या समोर लगेच ‘भूत’ उभं राहतं. भू धातूपासून भूत, म्हणजे जे झालं ते. व्याकरणातला भूतकाळ आणि पिंपळावरचं भूत एकच. झालेलं असून न गेलेलं.

या दोन शब्दांनी माझ्यापुरते खेळ दोन ढिगांत पडले. एका ढिगात पडीक घरं, कपाटातली पत्रं, अर्धवट डायऱ्या. इथे काहीतरी घडलेलं आहे आणि तुम्ही ते उकरताय. हे भुताचे खेळ. दुसऱ्या ढिगात ‘युमे निक्की’ किंवा त्याहून जुना, १९९८ सालचा प्लेस्टेशनवरचा ‘एलएसडी: ड्रीम एम्युलेटर’. ओसामू सातो यांनी तो हिरोको निशिकावा यांच्या स्वप्नांच्या नोंदींवरून बनवला. त्यात चालता चालता भिंतीला, झाडाला, कशालाही धडकलात की दुसऱ्याच स्वप्नात फेकले जाता. या वस्तूचा त्या जागेशी संबंध काय, हे कुणी सांगत नाही. (आपल्याकडे ज्याचा इथला संबंध सुटत नाही त्या भुताचं नावच समंध. शब्द तोच, उच्चार तेवढा तोंडात घोळून झिजला.) तिथे उकरायला काहीच नाही, कारण काही झालेलंच नाही. हे अद्भुताचे खेळ.

भुताच्या ढिगातला एक मात्र मला अजून सतावतो. ‘अ‍ॅनाटमी’, २०१६ चा, किटी हॉररशो या नावाने खेळ करणाऱ्या कलावतीचा. अंधारं घर, त्यात विखुरलेल्या कॅसेट, त्या आणून स्वयंपाकघरातल्या टेपवर लावायच्या. टेपवरचा आवाज शांतपणे समजावतो की घर हे शरीर आहे, एकेक खोली म्हणजे एकेक अवयव. मध्येच खेळ आपोआप बंद पडतो. पुन्हा सुरू करावा तर घर तेच, पण बिघडलेलं.

ही कल्पना अमेरिकी खेळाडूला केवढी विचित्र वाटली असेल! मी खेळताना मनात मराठी घर चालत होतो आणि मला ते सगळं आधीच माहीत होतं. आपल्या घराला पोटमाळा असतो, पोटखोली असते. माजघर म्हणजे मधलं घर. मध्यचं माज झालं, आणि जुन्या मराठीत माज म्हणजे कंबर. (माणसाला चढतो तो माज निराळा, तो मद्पासून आलेला.) देवळात तर गाभारा आहे, म्हणजे गर्भागार. भिंतींना कान आपण देऊन ठेवलेलेच. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या एका प्राण्याच्या पोटात स्वयंपाक करत आलो आहोत आणि कुणाला त्याची भीती वाटली नाही. पोटमाळ्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या, म्हणून असेल. त्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा मात्र मी वर पाहिलं नाही.

‘युमे निक्की’ या नावाचा अर्थ स्वप्नांची रोजनिशी. संस्कृत ‘स्वप्न’ आधी नुसती झोप आहे, मग झोपेत दिसतं ते. लॅटिन ‘सोम्नुस’ आणि ग्रीक ‘हिप्नोस’ त्याचेच भाऊबंद, आणि दोन्ही झोपच. ज्या खेळात करण्यासारखं काम झोपणं हेच आहे, त्याला हा शब्द चपखल. ‘रोजनिशी’त मात्र माझा कान नेहमी फसतो. त्यात निशा ऐकू येते, रोजची रात्र. खरं तर ती निशी फारसीतल्या ‘नवीसी’तून, म्हणजे लिहिण्यातून, आलेली आहे, चिटणीस आणि फडणीस ज्या घरचे त्याच घरची. रात्रीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. इथे मी तो राहू देणार आहे.

कारण या खेळात स्वप्नात असताना खेळ जतन करता येत नाही. एक कळ दाबायची, मादोत्सुकी स्वतःच्या गालाला चिमटा काढते आणि जागी होते. मग तिला टेबलाशी नेऊन वहीत लिहायला लावायचं. लिहिलं तर उरलं. ‘जतन’ हा शब्द आता आपल्याला मोबाइलच्या पडद्यावर भेटतो, पण तो आहे संस्कृत ‘यत्न’.

आजीचा तोडगा मी त्या काळोख्या पटांगणात करून पाहिला. चालणं थांबवलं, हात कळांवरून काढून घेतले. खांब होता तिथेच राहिला. पहाटेपर्यंत थांबायचा धीर नव्हता, सकाळी ऑफिस होतं. चिमटा काढला, तिला उठवून टेबलाशी बसवलं. बाहेर पाऊस पडतच होता.