न्यूरोॲनाटॉमीची टिपणे

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात मेंदू, मेरुरज्जू आणि चेतामार्ग शिकताना विद्यार्थी तयार करतात त्या आकृतिप्रधान नोंदी. रहाटणीहून काळेवाडीमार्गे पवना नदी ओलांडली की पिंपरीच्या संत तुकारामनगरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९६) लागते. रहाटणी-पिंपरी परिसरात हा अभ्यास तेथे चालतो.

व्याप्ती : देशभर २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्राची ५६ ते ६४ ही प्रकरणे या विषयाची आहेत. त्यांत मेंदूची आवरणे, मेरुरज्जू, मेड्युला, पॉन्स, लहान मेंदू, मिडब्रेन, मोठ्या मेंदूचे गोलार्ध, व्हेंट्रिकल, ऊतिरचना व गर्भविकास येतात. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा इंदरबीर सिंग, विश्राम सिंग, चौरसिया किंवा स्नेल यांची पुस्तके असतात.

आकृत्या : ब्रेनस्टेमचे सात आडवे छेद हा टिपणांचा गाभा. मेड्युलाचे तीन, पॉन्सचे दोन व मिडब्रेनचे दोन. प्रत्येक छेदात करडा भाग, पांढरा भाग आणि कपालचेतांची केंद्रके दाखवतात. कपालचेतांच्या १२ व मेरुचेतांच्या ३१ जोड्यांसाठी तक्ते करतात.

चेतामार्ग : येथे मार्गाच्या नावाइतकीच तो बाजू कोठे बदलतो ही नोंद महत्त्वाची. ऐच्छिक हालचालींचे सुमारे ८५ ते ९० टक्के तंतू मेड्युलाच्या खालच्या टोकाशी विरुद्ध बाजूला जातात. वेदना व तापमानाचे तंतू मेरुरज्जूतच बाजू बदलतात. कंपन व सांधेस्थितीचे मेड्युलात. म्हणून मेरुरज्जूच्या एकाच अर्ध्या भागाला इजा झाली, तर इजेच्या पातळीखाली त्याच बाजूची ताकद व कंपनसंवेदना जाते, वेदनेची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची. हे ब्राऊन-सेकार्ड लक्षणसमूहाचे स्पष्टीकरण. तीन मार्ग एकाच आकृतीत तीन रंगांनी काढले की ते पाठ करावे लागत नाही.

वैद्यकीय जोड : प्रौढात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्यामुळे पाठीतले पाणी काढण्यासाठी सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. इंटर्नल कॅप्सूलमध्ये तंतू दाटीने एकत्र आलेले असतात, म्हणून तेथील लहानशा रक्तस्रावानेही विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. असे एखादे उदाहरण प्रत्येक आकृतीखाली असावे.

पडताळणी : डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनमधला मेंदू हातात घेऊन आकृती ताडून पाहणे आवश्यक असते. देहदान आणि १९४९ चा शरीररचना कायदा यांमुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांना शव उपलब्ध होते. स्पॉटर व तोंडी परीक्षेत प्रत्यक्ष नमुन्यावरच प्रश्न विचारतात. पुस्तकाची आखूड नक्कल म्हणजे टिपण नव्हे. न पाहता छेद काढता येणे आणि त्यावरून इजेची जागा सांगता येणे ही त्याची कसोटी होय.