खर्ज कोण वाजवतो? डबल बास, ध्वनिवर्धक आणि वऱ्हाडातले वाद्यवृंद

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दारातच एका काकांनी विचारलं, "डबल बासचा अन् वऱ्हाडाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. अमरावती-अकोल्यात हे वाद्य घरात असलेला माणूस शोधायला आम्हालाही बरंच फिरावं लागलं. पण हे वाद्य आपल्याकडे का रुजलं नाही, त्याची जागा कुणी घेतली आणि आज आपल्या खिडक्या का थरथरतात, हा सगळा एकच इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं. तोच आज मांडतो.

आधी वाद्याची ओळख. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यांत थोरलं भावंडं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंची, वजन दहा-बारा किलो, चार तारा. उभं राहून गजाने किंवा बोटांनी वाजवायचं. सगळ्यांत जाड तारेचा स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा, म्हणजे ४१ हर्ट्झचा. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. आपल्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेलाही खाली टाकणारा हा आवाज.

एवढं मोठं लाकूड, तरी बँडमध्ये ते ऐकू येत नाही. दोष वाजवणाऱ्याचा नसतो, आपल्या कानाचा असतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये माणसाचा कान मोजून दाखवला. आवाज हळू असेल, तर ५० हर्ट्झचा स्वर हजार हर्ट्झच्या स्वराइतका ऐकू येण्यासाठी तो सुमारे ३० डेसिबलने मोठा लागतो. ३० डेसिबल म्हणजे ऊर्जा हजारपट! ट्रम्पेटवाला एक फुंकर मारतो, अन् बासवाल्याने बोटं सोलून घेतली तरी तिसऱ्या रांगेत पत्ता लागत नाही. कान खालच्या स्वरांना कमी ऐकतो, एवढं वाक्य लक्षात ठेवा. शेवटी परत त्याच्याकडे यायचंय.

मग जुन्या लोकांनी यावर उपाय काय केला? चालत्या बँडने डबल बास घेतलाच नाही. पलटणीच्या बँडमध्ये खालचा स्वर पितळेच्या मोठ्या वाद्यांकडे गेला: ट्यूबा, युफोनियम, अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घ्यायचा सूसाफोन. आपला लग्नातला बँड त्याच पलटणीच्या बँडचा वारसदार आहे. लाल कोट, टोपी, खांद्यावरच्या झालरी हे सगळं तिकडूनच आलं. आपल्या देशी संगीतात तर खालच्या स्वरांची वेगळी चाल अशी नव्हतीच. डग्ग्याचा घुमारा, ढोलाची भारी बाजू आणि तानपुऱ्याचा खर्ज, एवढ्यात आपलं भागत होतं.

डबल बास आपल्या देशात मुख्यतः मुंबईत दिसू लागला, तो हॉटेलांमधल्या जॅझ बँडमुळे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्यातले वादक त्या जागांवर बसले. चर्चच्या शाळांमधून त्यांना स्वरलिपी येत होती, त्यामुळे रात्री हॉटेल आणि दिवसा सिनेमाचा स्टुडिओ अशी त्यांची दुहेरी नोकरी चाले. इथे वऱ्हाडाचा पहिला धागा सापडतो. १९५१ च्या 'अलबेला'चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा पालव यांचा जन्म आपल्या अमरावतीचा. संगीत सी. रामचंद्र यांचं. आणि त्या चित्रपटात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्यांचं खरं नाव अँतोनिओ झेवियर वाझ. भगवानदादांचा नाच सगळ्यांना आठवतो. त्या नाचाखाली पाय ठेवायला जी जमीन लागते, ती अशा बँडमध्ये बासवाला देत असतो.

स्टुडिओत ऐकू न येण्याची अडचण सोपी होती. माइक हलवायचा, किंवा बासवाल्याला माइकजवळ उभं करायचं. गाणी आपल्याकडे आली ती सिनेमातून आणि रेडिओतून. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. पण घरातल्या रेडिओचा स्पीकर वितीएवढा. ४१ किंवा ५५ हर्ट्झचा स्वर त्यातून बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला बासची चाल कळत होती, ती कशी? स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर असतात. तेवढे ऐकू आले की मेंदू खालचा स्वर मनाने भरून काढतो. म्हणजे आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी रेडिओवर डबल बास ऐकला, पण प्रत्यक्षात तो त्या खोलीत कधी वाजलाच नव्हता!

आता अमेरिकेकडे एक फेरी मारू, कारण खरी कलाटणी तिथे आहे. एव्हरेट हल नावाचा बासवादक होता. डबल बास जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीच्याच टोकावर त्याने वाद्याच्या पोटात माइक बसवला आणि १९४६ मध्ये धंदा सुरू केला. 'अँप्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढवणारी खुंटी. त्यावरून कंपनीचं नाव पडलं 'अँपेग'. पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, लिओ फेंडरने वेगळीच वाट काढली. त्याने लाकडाचं पोटच काढून टाकलं. भरीव लाकूड, तारांखाली चुंबक, गळ्यावर पडदे. चारही तारा डबल बासच्याच स्वरांत. हा 'प्रिसिजन बास', म्हणजे आपण ज्याला बास गिटार म्हणतो ते वाद्य.

हा फरक नीट समजून घेऊ. हलने वाद्य ठेवलं आणि आवाज वाढवला. फेंडरने आवाज ठेवला आणि वाद्य बदललं. वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्राने फेंडरची बाजू घेतली, आणि का घेतली हे सांगायला पुस्तक लागत नाही. कार्यक्रम आज अकोल्यात, उद्या मूर्तिजापुरात, परवा परतवाड्यात. माणसं एसटीने, सामान टपावर. बास गिटार पाठीला लावता येते; डबल बासला दोन तिकिटं काढावी लागतील. शिवाय आपला उन्हाळा! अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क. अशा हवेत अस्सल लाकडाचे सांधे उकलतात, पातळ फळीला चीर जाते. अन् पुन्हा पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं.

पण गोष्ट बास गिटारवरही थांबली नाही. चरणजितसिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले नावाजलेले वादक. बास गिटारही वाजवत. १९८२ मध्ये त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यात रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र वापरलं होतं. हे यंत्र बनलं होतं एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून, म्हणजे बासवाल्याच्या जागी! एका बासवाल्याने स्वतःच्या बदलीवर आलेल्या यंत्राकडून राग वाजवून घेतले. त्यांनी ते मोठ्या कल्पकतेने केलं. ऑर्केस्ट्राच्या हिशेबात मात्र एवढंच उरलं की कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने बास वाजतो, मग पाचवा माणूस कशाला? लग्नाच्या बिदागीत पाचवा वाटा वाचला. आमच्या ओळखीतल्या बास गिटारवाल्यांपैकी कुणी दुकान टाकलं, कुणी तबल्याकडे वळलं.

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जुन्या गाण्यांच्या एका कार्यक्रमासाठी आम्ही मुंबईहून एक प्लायवुडचा डबल बास मागवला. रेल्वेने अकोल्याला उतरवला. स्टेशनावर दोघा हमालांनी त्यात कोण झोपलंय असं विचारलं. सभागृहात पोचलो, पिझो जोडला आणि दोन मिनिटांत सगळं घुमायला लागलं. ध्वनिव्यवस्थेवरचा पोरगा ओरडला, "भाऊ, तुमचा हा डबा लय घुमून राह्यला, बंद करू का?"

त्या रात्री जे शिकलो ते इथे मांडतो, कुणाच्या उपयोगी पडेल. डबल बासचं पोट ६० ते १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमतं. स्पीकरचा आवाज त्या पोटात शिरतो, तारा हलतात, तेच पुन्हा स्पीकरला जातं. यालाच फीडबॅक म्हणतात. उपाय साधे आहेत. स्पीकर वादकाच्या मागे ठेवू नका, पुढे आणि बाजूला ठेवा. पुढच्या फळीवरच्या दोन भोकांत स्पंज किंवा कापड बसवा. ४० हर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरने कापा. प्रीअँपवर फेज उलटवायचं बटण असेल तर ते दाबून बघा. प्लायवुडचं वाद्य अस्सल लाकडापेक्षा कमी घुमतं, आणि आपल्या उन्हातही तेच टिकतं.

दुसरी चूक जास्त फसवी. पिझो म्हणजे दाबाने वीज देणारा स्फटिक. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुण दाखवला. त्याची वीज फार नाजूक असते. त्याची तार सरळ मिक्सरच्या साध्या खाचेत घातली की नेमका खर्ज गळतो आणि टिणटिण तेवढी उरते. मध्ये दहा लाख ओहम किंवा जास्त रोधाचा प्रीअँप लागतो. तिसरी गोष्ट अर्थिंगची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि डबल बासच्या जाड तारेवरचा 'जी' स्वर ४९ हर्ट्झचा. अर्थिंग कच्चं असेल तर गुणगुण बरोबर त्या स्वराच्या मांडीवर येऊन बसते. आमच्या वादकाने त्या रात्री अख्खं गाणं एक स्वर वर नेलं.

तासाभराने डबा घुमायचा थांबला. पहिल्या गाण्याला तोच पोरगा हेडफोन काढून समोर येऊन उभा राहिला. रोज दोन-दोन हजार वॉटचे सबवूफर चालवणारा हा मुलगा, पण खालचा स्वर एक माणूस बोटाने काढतोय, गायिकेच्या श्वासासाठी थांबतोय, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आता सुरुवातीचं वाक्य परत घेऊ: कान खालच्या स्वरांना कमी ऐकतो. आज मिरवणुकीत, वरातीत, डीजेच्या भिंतीसमोर खालच्या स्वरांची काही कमी नाही. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त. घराची भिंत तिला अडवत नाही. दार-खिडक्या थरथरतात, आजारी माणसाच्या छातीत धडधडतं. तक्रार झाली की पोलीस मीटर घेऊन येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तीही 'ए' मापाने. हे 'ए' माप कानाच्या त्याच कमजोरीवर बेतलेलं आहे. ते ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. आणि ही वजाबाकी हळू आवाजांसाठी काढलेली. आवाज मोठा झाला की कान खालचे स्वर जास्त ऐकू लागतो, पण मीटर वजाबाकी तेवढीच करत राहतो.

म्हणजे बघा, कानाच्या ज्या दोषामुळे डबल बासवाला ऐकू आला नाही, त्याच दोषाच्या आडोशाला आज सबवूफर उभा आहे. खालचे स्वर मोजणारं 'सी' नावाचं मापही आहे. ते बऱ्याच मीटरमध्ये असतं, बटण तेवढं फिरवावं लागतं. मर्यादा ठरवताना त्याचा विचार व्हावा, अशी मागणी आपण नागरिक म्हणून करायला हवी. त्यात सणाला किंवा वाद्याला विरोध नाही.

आणि वादक म्हणून आमची एक मागणी आयोजकांकडे आहे. पुढच्या वेळी ऑर्केस्ट्रा ठरवताना विचारा, "बास कोण वाजवणार?" बास गिटार असो, डबल बास असो, पण उत्तरात माणसाचं नाव यायला हवं. माणूस वाजवत असला की त्याला डोळ्यांनी सांगता येतं, "भाऊ, थोडं हळू." अन् तो हळू करतो.

आता प्रश्न घेऊ. दारातले काका, पहिला मान तुमचा.