पासवर्ड बरोबर, तरी दार बंद: लॉगिनच्या मर्यादांचा छोटा इतिहास

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. सर्व्हर चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, पासवर्डही बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही. का? मुंबईला हा प्रश्न नवा नाही, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगमने, म्हणजे आपल्या व्हीएसएनएलने, सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट. मोडेमवरून फोन लावायचा, पलीकडचं युनिक्स मशीन लॉगिन विचारणार, मग पाईनमध्ये मेल वाचायची आणि लिंक्समध्ये चित्रांशिवाय वेब बघायचं. आज आपण रिमोट लॉगिन म्हणतो ते हेच. पण मागणी किती येईल याचा अंदाजच घेतलेला नव्हता. हार्डवेअर आणि नेटवर्क दोन्ही अपुरं पडलं. अध्यक्ष बी. के. सिंगल यांना जाहीर माफी मागावी लागली. तरीही पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १०,००० ग्राहक झाले!

ती खरी टंचाई होती. एका मोडेमवर एका वेळी एकच माणूस. सगळे मोडेम लागले की पुढच्याला बिझी टोन. उपाय एकच, आणखी मोडेम आणि आणखी लाइनी.

आता चित्र उलटं आहे. मी मढला राहतो. समोर खाडीपलीकडे वर्सोवा, आणि भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या केबल्सपैकी बऱ्याच तिथे किनाऱ्याला लागतात. रस्ता रुंद झाला, पण लॉगिन अजूनही नाकारलं जातं. कारण आता बहुतेक वेळा जागा संपलेली नसते, कुणीतरी आकडा घालून ठेवलेला असतो.

हे आकडेही जुनेच. बेल लॅब्जच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एका युजरने किती प्रोसेस चालवायच्या याला मर्यादा होती. शिवाय एक शहाणपणाचा नियम होता: प्रोसेसच्या तक्त्यात शेवटची एकच जागा उरली असेल, तर ती साध्या युजरला द्यायची नाही. ती सुपरयुजरसाठी. म्हणजे सगळं तुंबलं तरी सोडवणाऱ्याला आत यायला जागा राहील. पुढे १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये ‘सेटआरलिमिट’ आलं, आणि मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी ठरवता येऊ लागली. आपण शेलमध्ये वापरतो ते यूलिमिट याच घराण्यातलं.

१९९५ मध्येच फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. दार सुरक्षित झालं, पण दाराआड मर्यादा तशाच राहिल्या. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ मध्ये साध्या युजरला मूळ मर्यादा १०२४ प्रोसेसची होती. आणि लिनक्स थ्रेडही त्यातच मोजतं. जावाचं एखादं मोठं ॲप्लिकेशन हा आकडा सहज गाठतं. मग त्याच युजरने लॉगिन करायला गेलात, तर पासवर्ड स्वीकारला जातो आणि लगेच कनेक्शन तुटतं. लॉगमध्ये ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’.

म्हणून आधी बघायचं, दार कुठे बंद झालं? पासवर्ड विचारण्याआधीच तुटलं, तर ‘मॅक्सस्टार्टअप्स’ तपासा. ओपनएसएसएचमध्ये लॉगिन पूर्ण न झालेली १० कनेक्शन झाली की नवीन कनेक्शन ३० टक्के शक्यतेने नाकारायला सुरुवात होते, १०० झाली की सगळीच. पासवर्डनंतर तुटलं, तर त्या युजरची प्रोसेसची मर्यादा बघा. आणि एखादं जुनं सेशन उघडं असेल तर ते कृपा करून बंद करू नका! पीएस चालणार नाही, कारण त्याला नवी प्रोसेस लागते. पण बॅशमधलं किल शेलच्या आतलंच असतं, ते चालतं.

खरी गोम पुढे आहे. लिनक्समध्ये रूटला ही प्रोसेसची मर्यादा लागत नाही, म्हणजे ती राखीव जागा एका अर्थाने आजही आहे. पण सुरक्षेसाठी रूटचं थेट लॉगिन आपण बंद करतो, ते योग्यच. मग सोयीसाठी सगळी टीम ॲप्लिकेशनच्याच युजरने आत शिरते आणि सुडो वापरते. मी एका टीममध्ये हेच पाहिलंय: रात्री ॲप्लिकेशनने मर्यादा गाठली, आणि ते थांबवू शकणारी सगळी माणसं बाहेर. शेवटी मशीन रीस्टार्ट. मेमरीत काय चाललं होतं तो पुरावाही गेला.

यावर मर्यादा ‘अनलिमिटेड’ करणं हा उपाय नाही. मग एकच बिघडलेला प्रोग्रॅम पूर्ण मशीन खाऊन टाकेल आणि खरी टंचाई येईल, १९९५ सारखी. आकडा मोजून वाढवा. आणि माणसांसाठी वेगळे युजर ठेवा, कारण ही मर्यादा प्रत्येक युजरची वेगवेगळी मोजली जाते. ॲप्लिकेशनने आपला कोटा संपवला तरी तुमचा शिल्लक राहतो. १९७९ मध्ये ही काळजी कर्नलने घेतली होती. आता ती आपल्याला घ्यावी लागते, आणि तीही सगळं सुरळीत चालू असताना.

आज एवढंच. आपापल्या सर्व्हरवर कोण कुठल्या युजरने आत येतं, ते या आठवड्यात एकदा बघून घ्या. पुढच्या भागात भेटू.